दिवस भरत आले की पानांचा चहा

ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात गरोदर बाईला बत्तिसावा आठवडा लागला, की कोणी ना कोणी तिला विचारतेच, ‘रास्पबेरी लीफ टी सुरू केलास का?’ विचारणारी कधी मैत्रीण असते, कधी शेजारीण, कधी गरोदरपणाच्या व्यायामवर्गातली सोबतीण, तर कधी खुद्द मिडवाइफ. (तिकडची मिडवाइफ म्हणजे रीतसर शिक्षण घेतलेली, रुग्णालयात नोकरी करणारी बाई. आपल्याकडच्या जुन्या सुईणीशी तिचे साम्य कामापुरतेच.) औषधांच्या आणि किराण्याच्या मोठ्या दुकानांत या चहाची खोकी मांडलेली असतात. पिणारीची अपेक्षा साधी असते. गर्भाशय ‘तयार’ व्हावे, कळा सोप्या जाव्यात, चिमटा किंवा सिझेरियन टळावे.

लंडन, मेलबर्न किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलींपर्यंत हा सल्ला पोहोचायला वेळ लागत नाही. त्याच सुमारास पुण्याहून किंवा सांगलीहून आईचा फोन येतो, ‘अगं, नववा लागला ना, आता दुधात तूप घालून घेत जा.’ एखादी आजी एरंडेलाची आठवण काढते. आता तर या पानांची पाकिटे आपल्याकडेही घरपोच मिळू लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशातल्या लेकीसुनांचा राहिलेला नाही.

आधी नावाचा घोटाळा दूर करायला हवा. मुंबईच्या जुन्या माणसांना रास्पबेरी म्हटले की इराण्याच्या हॉटेलातली लालभडक सोड्याची बाटली आठवते, महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना द्रोणातली फळे आठवतात. या चहाचा त्या दोहोंशी संबंध नाही. रास्पबेरीच्या स्वादाचा चहा, म्हणजे फळाचा अर्क किंवा सुगंध घातलेला चहा, हीदेखील वेगळी वस्तू आहे. गरोदर बायका पितात तो रूबस इडियस या काटेरी झुडपाच्या वाळवलेल्या पानांचा काढा. त्याला फळाची चव अजिबात नसते. पातळ कोऱ्या चहासारखा, जरा तुरट लागतो. तुरटपणा टॅनिनचा. कॅफिन मात्र त्यात नसते, आणि गरोदरपणात चहा-कॉफी आवरती घेतलेल्या बाईला तेवढेही आकर्षण पुरते.

पानांची ख्याती जुनी आहे, पण तिच्याकडे प्रयोगशाळेचे लक्ष गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बर्न आणि विदेल या दोघांचा निबंध आला. प्राण्यांच्या गर्भाशयाच्या स्नायूवर त्यांनी पानांचा अर्क वापरून पाहिला होता. निष्कर्ष चमत्कारिक होता. स्नायू आखडलेला असेल तर अर्काने तो सैल पडे, आणि सैल असेल तर उलट आकुंचन पावे. त्याच वर्षी बर्मिंगहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ बेकविथ व्हाइटहाउस यांनी नुकत्याच बाळंत झालेल्या मोजक्या स्त्रियांवर निरीक्षणे केली आणि पानांतल्या गुणकारी द्रव्याचा उल्लेख ‘फ्रॅगरिन’ या नावाने केला. नाव झकास होते, ते टिकले. आजही पाकिटांवरच्या मजकुरात ते भेटते. द्रव्य मात्र तितके पक्के निघाले नाही. १९५४ साली रसायनतज्ज्ञांनी पानांचे घटक वेगळे करून पाहिले तेव्हा एक नव्हे, अनेक क्रियाशील द्रव्ये सापडली. काही स्नायूला चेतवणारी, काही शांत करणारी, म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध वागणारी.

१९७० साली आणखी एक प्रयोग झाला. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या पट्टीवर अर्काचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. दहा ते सोळा आठवड्यांच्या गरोदर गर्भाशयाची पट्टी मात्र आकुंचन पावली. गरोदर उंदरांच्या गर्भाशयाची आकुंचने उलट कमी झाली. कळा यायच्या का थांबायच्या, हे या सगळ्यावरून कोणी सांगावे? प्रयोगशाळेतल्या भांड्यात अर्क थेट स्नायूवर पडतो. पेल्यातला चहा आधी पोटात जातो, आतड्यांत आणि यकृतात त्याची मोडतोड होते, मग जे काय उरेल ते रक्तातून गर्भाशयापर्यंत पोहोचते. भांड्यातल्या पट्टीवरून पेल्याबद्दल बोलणे फार घाईचे ठरते.

‘गर्भाशयाला ताकद येते’ हे वाक्य या चहाबरोबर हटकून येते. त्यातली कल्पना अशी, की दंडाचा स्नायू जसा व्यायामाने घट्ट होतो तसा गर्भाशयाचा स्नायू काढ्याने होईल. पण बाळंतपणाचे तंत्र निराळे आहे. नऊ महिने गर्भाशयाने शांत राहायचे असते आणि त्याचे तोंड घट्ट मिटलेले असायचे असते. शेवटच्या आठवड्यांत प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे ते तोंड मऊ पडू लागते, गर्भाशयाच्या पेशींवर ऑक्सिटोसिन पकडणाऱ्या जागा वाढत जातात, आणि मग एकेकटी होणारी आकुंचने एका लयीत येतात. कळा लवकर सुरू होण्यासाठी किंवा सोप्या जाण्यासाठी नुसती ताकद पुरत नाही. तोंड मऊ झालेले नसेल तर जोरदार कळा त्रासाच्याच ठरतात. रास्पबेरीची पाने गर्भाशयाचे तोंड मऊ करतात, असा भरवशाचा पुरावा नाही.

माणसांवरचे काम झाले ते मुख्यतः सिडनीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत १०८ बाळंतिणींची माहिती तपासली गेली. ५७ जणींनी पाने घेतली होती, ५१ जणींनी नाही. घेणाऱ्यांमध्ये चिमटा, सिझेरियन यांचे प्रमाण काहीसे कमी दिसले. पण अशा पाहणीत एक खोट असते. जी बाई आठवणीने रोज काढा करून पिते, ती बहुधा बाकीच्या बाबतीतही दक्ष असते. चालते, खाण्याकडे लक्ष देते, बाळंतपण औषधांवाचून व्हावे असा तिचा आग्रह असतो. गुण पानाचा की बाईचा, हे अशा पाहणीतून कळत नाही.

ते कळावे म्हणून त्याच चमूने पुढची चाचणी केली आणि २००१ साली ती प्रसिद्ध झाली. पहिलटकरणी, कसलीही गुंतागुंत नसलेल्या, अशा १९२ जणी. त्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाला बत्तिसाव्या आठवड्यापासून कळा सुरू होईपर्यंत पानांच्या १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या रोज दिल्या, दुसऱ्या गटाला दिसायला तशाच पण गुणहीन गोळ्या. बाळंतपणाचा पहिला टप्पा, म्हणजे कळा सुरू झाल्यापासून गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा तासन्‌तास चालणारा टप्पा, जराही आखूड झाला नाही. दुसरा टप्पा, बाळ बाहेर येण्याचा, सरासरी साडेनऊ मिनिटांनी कमी झाला. चिमटा लावावा लागण्याचे प्रमाण एका गटात १९.३ टक्के आणि दुसऱ्यात ३०.४ टक्के निघाले. आई किंवा बाळाला अपाय झाल्याचे दिसले नाही.

३० आणि १९ हा फरक कागदावर ठसठशीत दिसतो, आणि चहाच्या जाहिरातीत तोच पुढे केला जातो. पण शंभराच्या आसपास बायकांच्या गटात एवढा फरक म्हणजे प्रत्यक्षात मोजक्या काही जणींचा. नाणे शंभरदा उडवले तरी छापा दरवेळी पन्नासदाच पडत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या आकड्यांवर भार टाकवणार नाही. शिवाय एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चाचणी गोळ्यांची होती, चहाची नव्हती. पेल्यात किती पान पडले, ते किती वेळ भिजले, पाणी किती गरम होते, पाने किती जुनी होती, यावर चहाचा जोर बदलतो. एकीचा पेला दुसरीच्या पेल्यासारखा नसतो.

‘अपाय दिसला नाही’ या शब्दांचे वजनही मोजून घ्यावे लागते. संख्याशास्त्रात त्यासाठी एक साधा आडाखा आहे, त्याला तिनाचा नियम म्हणतात. शंभर जणींत एखादा अपाय एकदाही दिसला नाही, तर तीन भागिले शंभर, म्हणजे तीन टक्क्यांपर्यंत त्याचे प्रमाण असू शकते, आणि तरीही तो या चाचणीला दिसला नसता. तीन टक्के म्हणजे दर तेहतीस बाळंतपणांत एक. बाळंतपणाच्या बाबतीत ही शक्यता लहान नव्हे. पान धोक्याचे आहे असा याचा अर्थ नाही. ते निर्धोक आहे असे छातीठोकपणे सांगण्याइतक्या बायका अजून मोजल्या गेलेल्या नाहीत, एवढाच अर्थ. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही त्यांच्या हाती मुख्य आधार होता तो वीस वर्षांपूर्वीच्या या १९२ जणींचाच.

मधल्या काळात काही टाचण्या टोचणारे निष्कर्षही आले. नॉर्वेतल्या ६०० बाळंतिणींच्या पाहणीत रास्पबेरीची पाने घेतलेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी नव्हे, जास्त आढळले. इथेही घेणाऱ्या बायका थोड्या होत्या आणि सिडनीच्या पाहणीतली खोट उलट्या दिशेने लागू पडते. दिवस उलटून गेल्यामुळे काळजीत पडलेल्या बाईनेच चहा घेतला असेल, तर सिझेरियनचा दोष चहावर कसा ठेवणार? २००९ साली कॅनडातल्या प्रयोगात पाने दिलेल्या उंदरिणींचे गर्भारपण लांबले आणि त्यांच्या माद्या पिल्ले वेळेआधी वयात आली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरी पहिल्या तिमाहीपासून हा काढा रोज पिणाऱ्या बाईने हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

मग इतक्या जणी ‘मला लागू पडला’ असे का सांगतात? त्या खोटे बोलत नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. बाकीच्या अलीकडे-पलीकडे, पण बहुतेक जणी सदतीस ते बेचाळीस आठवड्यांच्या दरम्यान. अडतिसाव्या आठवड्यात पेले वाढवले, एकोणचाळिसाव्यात कळा आल्या. चहा घेतला नसता तरी त्या आल्या असत्या, पण तसे दोनदा करून पाहण्याची सोय कोणत्याच बाईला नसते. जिला कळा आल्या नाहीत ती चहाची गोष्ट कोणाला सांगत बसत नाही.

‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार,’ या वाक्याला इतिहासाने चांगले उत्तर देऊन ठेवले आहे. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी वाढते. युरोपातल्या सुइणी अडलेल्या बाळंतिणीला ती देत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही ती उचलली. कळा इतक्या जोरात येत, की गर्भाशय मधे विसावाच घेईना आणि बाळाला प्राणवायू मिळेना. मेलेली बाळे जन्मू लागली. न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड होसॅक यांनी १८२४ साली या बाळंतपणाच्या पुडीला मृत्यूची पुडी म्हणावे असे सुचवले, आणि बाळ बाहेर आल्यानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरतीच ती वापरा असे बजावले. तिच्यातूनच १९३५ साली एर्गोमेट्रिन वेगळे निघाले, आणि त्या औषधाने रक्तस्रावाने दगावणाऱ्या असंख्य बाळंतिणींना वाचवले. वस्तू तीच. मात्रा आणि वेळ बदलली.

आपल्या एरंडेलाची कथाही याच वळणाची. ते पोटात गेले की त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटते. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरच्या एकाच प्रकारच्या ग्राहकांना ते चेतवते, हे २०१२ साली जर्मन संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले. ज्या उंदरांत तो ग्राहक नव्हता त्यांच्यावर एरंडेलाचा परिणाम झाला नाही. म्हणजे आजीचा अनुभव निराधार नव्हता. पण त्याची किंमत बाईच्या पोटाला मोजावी लागते. २०१३ साली तपासलेल्या तीन चाचण्यांत मिळून २३३ स्त्रिया होत्या. एरंडेल घेतलेल्या साऱ्या जणींना मळमळले, आणि कळा खात्रीने येतात असे मात्र ठरले नाही. ऐन बाळंतपणाच्या तोंडावर जुलाबांनी गळून जाणे कोणाच्या फायद्याचे नसते. अमेरिकेतल्या परिचारिका-सुइणींच्या १९९९ सालच्या पाहणीत, झाडपाला वापरणाऱ्यांपैकी ९३ टक्के जणी एरंडेल सुचवत होत्या आणि ६३ टक्के रास्पबेरीची पाने. सांगलीची आजी तिकडे एकटी पडली नसती.

त्याच पाहणीत ब्लू कोहोश नावाची मुळीही होती, आणि ती खरोखर भीतीदायक आहे. आईने ती घेतल्यावर जन्मलेल्या बाळाचे हृदय निकामी होऊ लागल्याची नोंद १९९८ साली झाली. बाळंतपणाची ‘तयारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत ती कधी कधी रास्पबेरीच्या पानांबरोबर असते. म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचे फूल-पान न पाहता मागचा बारीक मजकूर वाचावा. घटक एकच असावा. घटकांची नावे छापलेलीच नसतील तर ते पाकीट दुकानातच राहू द्यावे.

भारतातल्या बायकांसाठी दोन गोष्टी जास्त जवळच्या आहेत. पहिली मधुमेहाची. गरोदरपणातला मधुमेह आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. २०१६ साली एका रुग्णेची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. तिला गरोदरपणातल्या मधुमेहासाठी इन्शुलिन चालू होते. बत्तिसाव्या आठवड्यात तिने हा चहा सुरू केला आणि साखर खाली येऊ लागली. इन्शुलिनची मात्रा कमी करावी लागली. तिने चहा थांबवला, पुन्हा सुरू केला, तेव्हा परत तेच. एका बाईवरून नियम बनत नाही. पण इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेणारीने डॉक्टरांना न सांगता हा चहा पिऊ नये, याला ही एक हकिगत पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी त्यावरच असते. चहातले टॅनिन अन्नातले आणि गोळीतले लोह धरून ठेवते, ते आतड्यात शोषले जाऊ देत नाही. साधा चहा असो वा पानांचा, गोळी आणि पेला यांत तास-दोन तासांचे अंतर हवे. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईच्या बाबतीत लोहाची गोळी लागू पडणे हे चहाच्या सगळ्या गुणदोषांपेक्षा महत्त्वाचे.

आधी सिझेरियन झालेली, जुळी असलेली, वार खाली असलेली, रक्तदाब वाढलेली, मुदतीआधी कळा येऊन गेलेली, अशा बायकांना परदेशातली पत्रकेही हा चहा घेऊ नका असे सांगतात. सिडनीच्या चाचणीत गुंतागुंत असलेल्या स्त्रिया घेतल्याच नव्हत्या, तेव्हा तिचा दिलासा त्यांना लागू होत नाही. बाकीच्यांनी बत्तिसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांच्या कानावर घालून, दिवसाला एखादा पेला घेतला तर आजवरच्या माहितीप्रमाणे त्यांना अडवण्याचे कारण नाही. पोटात आकुंचने वाढल्यासारखी वाटली तर थांबावे. संध्याकाळी पाय वर करून गरम पेला हातात घेऊन बसण्याचे सुख पानांमुळे नसले तरी ते खोटे नाही.

खरी काळजी पेल्याची नाही, पेल्याच्या भरवशावर काढलेल्या दिवसांची आहे. तारीख उलटते, डॉक्टर कळा आणण्यासाठी दाखल व्हायला सांगतात, आणि सलाइनच्या धास्तीने बाई म्हणते, ‘अजून आठवडाभर चहा घेऊन पाहते.’ हा आठवडा किती मोलाचा असतो, ते स्वीडनमधल्या चाचणीने दाखवले. तिथल्या चौदा रुग्णालयांत एकेचाळीस आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला तेव्हाच कळा आणण्याचे उपचार, दुसऱ्या गटाने बेचाळीस आठवड्यांपर्यंत वाट पाहायची. दहा हजार स्त्रिया घ्यायचे ठरले होते. २,७६० जणींवरच चाचणी थांबवावी लागली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली होती, पाच पोटात आणि एक जन्मानंतर. दुसऱ्या गटात एकही नाही. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेचाळीस आठवडे नक्की भरले असतील तर कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

त्या आठवड्यात बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर चूल बंद करून थेट दवाखाना गाठायचा असतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि तिथे डॉक्टरांनी किंवा नर्सने ‘घरी काही घेत होतात का?’ असे विचारले, तर एरंडेल, काढा, पानांचा चहा, जे असेल ते सांगून टाकायचे असते. सासूबाई शेजारी उभ्या असल्या तरी.